जीपचं थर्मोस्टॅट हाउसिंग तिसऱ्यांदा खाल्लं, पाणी बोअरचं, रेडिएटर तांब्याचा, कुणाला अनुभव आहे का

जुनीजीप_होटगीरोड
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा. माझ्याकडं वडिलांच्या वेळची डिझेल जीप आहे, ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा), हेड पण बिडाचंच, रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा. आठवड्यातनं दोन-तीनदा कुंभारीकडं शेतावर जाणं-येणं, बाकी दारात उभी असते. हेडवर थर्मोस्टॅटचं जे हाउसिंग बसतं, वरचा मोठा होज ज्याला लागतो ते, ते तेवढं ॲल्युमिनियमचं आहे आणि चार वर्षांत हे तिसरं गेलं. परवा वरनं पाणी झिरपायला लागलं म्हणून क्लिप सोडवली, होज चिकटून बसलेला, पिळून पिळून काढला तर खाली पानाला लावतो तसा ओला चुना नुसता. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडायला गेलो तर टोक आरपार गेलं. टेंपरेचरचा सेन्सर पितळेचा आहे, तो जिथं आटे पाडून बसवलाय त्याच्या भोवती तर धातू उरलेलाच नाही, सेन्सर हातानं उपटून आला आटे घेऊन. दुकानदार म्हणतो माल डुप्लिकेट येतोय आजकाल, गॅरेजवाला म्हणतो इंजिन गरम होतंय. पण काटा कधी अर्ध्याच्या वर गेलेला नाही, भर एप्रिलात सुद्धा. पाणी बोअरचं टाकतो, सगळेच टाकतात. एका ठिकाणी गॅल्व्हॅनिक करोजन असा शब्द वाचला. म्हणजे नक्की काय आणि आपल्याकडं त्याचा बंदोबस्त कसा करायचा, हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

जुळेसोलापूरकर
कूलंट टाका भाऊ, बोअरचं पाणी बंद करा. विषय संपला.

जुनीजीप_होटगीरोड
कूलंट थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून असतं ना? सोलापुरात कुठं बर्फ पडतोय, इथं ४२-४३ अंशाला माणूस शिजतोय. गॅरेजमध्ये पण हेच सांगतात, आपल्याकडं त्याची गरज नाही म्हणून.

रेडिएटरवाले_काका
इथंच सगळी गडबड होते बघ. मी तीस वर्षं झाली रेडिएटरचं काम करतोय, डाग मारणं (सोल्डरनं गळती बुजवणं), कोअर (आतली नळ्यांची जाळी) बदलणं, सगळं. रोज गाड्या येतात आणि दहातल्या सात-आठ गाड्यांत साधं पाणी असतं, का तर इथं गोठत नाही. अरे गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल असतं ते खरं, पण त्याच्या बरोबर जी औषधं घातलेली असतात ती धातू सांभाळायला असतात. आपल्याला त्या औषधांसाठी कूलंट पाहिजे. काश्मीरवाला ते गोठू नये म्हणून घेतो, आपण धातूसाठी घ्यायचं.
आणि हाउसिंगचा माल डुप्लिकेट असेलही, पण ओरिजिनल टाकलं असतंस तरी गेलंच असतं, फार तर सहा महिने जास्त टिकलं असतं. तू पार्ट बदलतोयस, पाणी तेच ठेवतोयस, मग नवीन पार्टनं करायचं काय.

रसायन_ताई
मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, गाड्यांचं मला फारसं कळत नाही, पण प्रश्न माझ्या विषयातला आहे म्हणून लिहिते.
दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले किंवा तारेनं जोडलेले असतील आणि दोघंही एकाच क्षारयुक्त पाण्यात असतील, तर ती एक बॅटरीच होते. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानं १८०० साली जस्त आणि तांब्याच्या चकत्यांत मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घालून पहिली बॅटरी केली ती हीच. तिच्यात एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो, हेच गॅल्व्हॅनिक करोजन. झिजण्याचा क्रम साधारण असा: आधी मॅग्नेशियम, मग जस्त, ॲल्युमिनियम, मग लोखंड आणि बीड, मग कथील-शिशाचा डाग, आणि शेवटी पितळ, तांबं. तुमच्या जीपमध्ये पाण्याला लागणारं ॲल्युमिनियम फक्त ते हाउसिंग, आणि समोर अख्खा बिडाचा ब्लॉक, हेड, पितळेचा सेन्सर, तांब्याचा एवढा मोठा रेडिएटर. झिजणारा तुकडा लहान आणि समोरचा धातू मोठा असला की सगळा मार त्या लहान तुकड्यावर एकवटतो. म्हणून तिन्ही वेळा हाउसिंगच गेलं.
ह्याचं एक जुनं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. १७६१ मध्ये इंग्रजांच्या नौदलानं अलार्म नावाच्या लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, समुद्रातल्या किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. खिळे मात्र लोखंडी वापरले. दोनेक वर्षांनी जहाज तपासलं तर खिळे विरघळून पत्रे सुटायला आलेले. पण काही थोडे खिळे चांगले राहिले होते, कारण पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले त्या कागदाचा तुकडा खिळा आणि पत्रा यांच्या मध्ये अडकून राहिला होता. धातूला धातू टेकला नाही, खिळा वाचला.

अक्कलकोटरोड_जुनाखिलाडी
ताई, शंका आहे. माझ्या वडिलांनी ॲम्बॅसेडर वीस वर्षं चालवली, आयुष्यात कूलंट बघितलं नाही, नळाचं पाणी टाकलं, काय झालं नाही. दुसरं म्हणजे रेडिएटर आणि इंजिनच्या मध्ये रबरी होज आहेत, रबरातनं करंट कसा जाईल?

रसायन_ताई
दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. होज रबराचा असला तरी आतलं पाणी सलग आहे, आणि बाहेरून इंजिन, चासी, रेडिएटर हे अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीनं किंवा नटबोल्टनं जोडलेले असतात. म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं. पण पाण्याचा स्वतःचा रोध बराच असतो, त्यामुळं लांबच्या रेडिएटरपेक्षा जवळ टेकलेलं पितळ जास्त त्रास देतं. यांचा सेन्सर सरळ ॲल्युमिनियममध्ये पिळलेला आहे आणि सगळ्यात जास्त खाल्लेलं तिथंच आहे, ते जुळतं.
रेडिएटरचा आणखी एक त्रास आहे जो लक्षात येत नाही. तांबं अगदी थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं, ते पाणी फिरत फिरत ॲल्युमिनियमवर आलं की तिथं तांब्याचे सूक्ष्म कण बसतात, आणि प्रत्येक कणाभोवती एक छोटी बॅटरी सुरू होते. त्यानं पत्रा सरसकट पातळ होत नाही, खोल भोकं पडतात. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तो अशाच ठिकाणी गेला असणार.

रेडिएटरवाले_काका
ॲम्बॅसेडरचं मी सांगतो. तिचं ब्लॉक पण बिडाचं, हेड पण बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. आत गंज धरायचा, पाणी गुळाच्या काकवीसारखं निघायचं, पण बिडाची भिंत एवढी जाड की वीस वर्षं खाल्ली तरी कळत नव्हतं. आताच्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियम, रेडिएटरच्या नळ्यांचा पत्रा कागदासारखा पातळ ॲल्युमिनियम, हीटरचा कोअर ॲल्युमिनियम. त्या गाडीचा नियम ह्या गाडीला लावू नको. साधं पाणी घातलेले ॲल्युमिनियमचे रेडिएटर मी दोन-दोन वर्षांत भंगारात गेलेले बघितलेत, आणि त्याला डाग पण नीट बसत नाही, फेकायचाच.
अजून एक सांगतो सगळ्यांना. गळती लागली की हळद नाहीतर बेसन टाकू नका. रस्त्यात अडकला, घरी पोचायचंय म्हणून एकदा टाकलं तर समजतो. पण लोक टाकून विसरतात, ते जाऊन नळ्यांच्या तोंडाला बसतं आणि त्या थराखाली पाणी साचून धातू जास्त खातं. मी कोअर उघडतो तेव्हा हळदीचा पिवळा गोळा निघतो हातात.

वायरिंगवाला_सातरस्ता
मालक, मीटर आहे का घरी? साधा मल्टिमीटर. इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण काढा, गरम असताना हात पण लावू नका, अंगावर वाफ येते. मीटर डीसी व्होल्टला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन नुसती पाण्यात बुडवा, धातूला टेकू देऊ नका. किती येतंय ते बघा. ०.१ च्या आत असेल तर बरं, ०.३ च्या वर गेलं की ॲल्युमिनियमचं काय खरं नाही. मग बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून तेच इंजिनच्या धातूवर काळी पिन ठेवून बघा. वायरी काढल्यावर पण तेवढंच आलं तर ते धातू-धातूचं आहे. मग परत वायरी जोडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, हेडलाइट लावा, फॅन लावा आणि आकडा उडतोय का बघा. उडला तर अर्थ खराब आहे, करंट पाण्यातनं वाट काढतोय. तो तर महिन्यात भोक पाडतो.

जुनीजीप_होटगीरोड
आत्ताच केलं, जुनं हाउसिंग एम-सील लावून तात्पुरतं बसवून. गाडी बंद, सगळं बंद: ०.४६. बॅटरी काढून: ०.४४. म्हणजे धातूचं आहेच. पण मुलाला सेल्फ मारायला लावला तर काटा १.३ पर्यंत उडाला, तीनदा केलं, तिन्ही वेळा. खाली वाकून बघितलं तर इंजिनवरनं चासीला येणारी जाळीची अर्थ पट्टी आहे, ती हिरवी पडलेली आणि दोन-चार तारांवर लटकलेली, हात लावला तर निघून आली. चार वर्षं मी हाउसिंग बदलतोय आणि हिच्याकडं कुणी बघितलंच नाही. मन खट्टू झालं खरंच, एकेका हाउसिंगच्या मागं एकेक दिवस शेताचं काम बुडालंय.

वायरिंगवाला_सातरस्ता
नवीन पट्टी जाड टाका, दोन्ही टोकाला रंग घासून चकचकीत पत्रा करा, नट आवळल्यावर वरनं ग्रीस. पट्टी इंजिनला असू द्या. रेडिएटरला वेगळी अर्थ वायर काही जण लावतात, ती लावू नका.

अक्कलकोटरोड_जुनाखिलाडी
का? मला तर एका इलेक्ट्रिशियननं रेडिएटरला अर्थ मारून दिलीय, म्हणे करंट निघून जातो.

वायरिंगवाला_सातरस्ता
इंजिनचा अर्थ चांगला असेल तर पाण्यात करंट येतच नाही, मग काढायचा कुठला. उलट रेडिएटर बॉडीला वायरनं जोडला की ताई म्हणतात ते वर्तुळ तुम्हीच पक्कं करून दिलं. ॲल्युमिनियमचे रेडिएटर कंपनीतनंच रबरी बुशावर बसवून येतात, बॉडीला टेकू नये म्हणून. लोक बुश झिजल्यावर पत्र्याचा तुकडा आणि बोल्ट मारतात, तसं करू नका. फॅनची मोटर रेडिएटरवर बसलेली असेल तर तिची अर्थ वायर सरळ चासीला न्या.
अजून एक, नवीन हाउसिंगमध्ये सेन्सर बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेपचे वेढे मारायचा मोह होईल, कागदाच्या गोष्टीसारखं. पण तुमचा सेन्सर एका वायरचा असणार, त्याचा अर्थ त्या आट्यांतनंच जातो. टेप जास्त झाली की काटा चुकीचा दाखवेल आणि इंजिन तापलं तरी कळणार नाही.

लूममालक_एमआयडीसी
माझा टॉवेलचा कारखाना आहे, लाइट गेली की जनरेटरवर चालतो, त्यामुळं हा धागा माझ्या कामाचा. पाण्याचं कुणी सांगेल का नीट? महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळं टाकीत पण बोअरचंच मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावला तर बोअर ११०० दाखवतो. आरओ चालेल का? एसीचं गळतं ते पाणी डिस्टिल असतं म्हणतात, ते माझ्या ऑफिसला रोज बादलीभर निघतं.

रसायन_ताई
११०० खूप जास्त आहे. मोठ्या डिझेल इंजिनांचे उत्पादक पाण्यासाठी ज्या मर्यादा देतात त्या साधारण अशा: एकूण विरघळलेले क्षार लिटरला ३४० मिलिग्रॅमच्या आत, कठीणपणा १७० च्या आत, सल्फेट १०० च्या आत आणि क्लोराइड ४० च्या आत. ह्यातलं क्लोराइड सगळ्यात वाईट. ॲल्युमिनियमवर स्वतःचा एक पातळ ऑक्साइडचा थर असतो, त्याच्यामुळंच ते टिकतं, क्लोराइड तो थर फोडतं. कठीणपणानं चुन्याचा थर बसतो, तो उष्णता अडवतो आणि त्याच्या खाली धातू खाल्ला जातो.
आरओचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं, पण घरचं आरओ चव यावी म्हणून काही क्षार परत मिसळतं. डीएम पाणी, म्हणजे क्षार काढलेलं, बॅटरीत टाकायचं पाणी, सगळ्यात योग्य. बॅटरीच्या दुकानात मागताना ॲसिड नको, पाणीच पाहिजे असं स्पष्ट सांगा, दोन्ही कॅन सारखे दिसतात. एसीचं पाणी नको. ते मऊ असतं खरं, पण तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून धूळ घेऊन उतरतं, आणि तांबं पाण्यात आलं की काय होतं ते वर लिहिलंय. आणि नुसतं डीएम पाणी पण भरून ठेवायचं नाही, त्यात धातू सांभाळणारं काहीच नसतं. कूलंट मिसळलंच पाहिजे.

जुनीजीप_होटगीरोड
मग कूलंट कुठलं? हिरवं, लाल, निळं, गुलाबी, दुकानात गेलं की डोकं फिरतं.

रसायन_ताई
रंग बघू नका, रंग कंपनी स्वतःच्या मनानं घालते. आतली औषधं महत्त्वाची. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट वगैरे असतात, ती धातूवर पटकन थर धरतात पण लवकर संपतात, साधारण दोन वर्षं. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात, ते हळू काम करतात पण पाचेक वर्षं टिकतात. तिसरा प्रकार दोघांचं मिश्रण. चांगल्या कूलंटमध्ये तांब्या-पितळेसाठी टॉलिलट्रायझोल नावाचं द्रव्य असतं, ते तांब्यावर थर धरून त्याला पाण्यात उतरू देत नाही. कॅनच्या मागं एएसटीएम डी ३३०६ (अमेरिकेचं मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानचं मानक) असं लिहिलंय का बघा. एएसटीएमची एक साधी काचपात्रातली चाचणी आहे, तिच्यात तांबं, डाग, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम अशा सहा पट्ट्या एकत्र, मुद्दाम क्षार घातलेल्या पाण्यात, ८८ अंशाला ३३६ तास म्हणजे दोन आठवडे ठेवतात आणि मग प्रत्येक पट्टी किती झिजली ते तोलून बघतात. तुमच्या इंजिनचीच छोटी नक्कल.
दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकात एक ओतू नका. आयुष्य कमी होतं, आणि कधी कधी जेलीसारखा साका धरतो.

रेडिएटरवाले_काका
तुझ्या जीपला, डागाचा तांब्याचा रेडिएटर असल्यामुळं, मी जुन्या पद्धतीचं सांगीन आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदल. नव्या ॲल्युमिनियमच्या गाड्यांना गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच.
आधी आतनं धू. लिंबूसत आण, लिटरला वीसेक ग्रॅम, भर, इंजिन अर्धा तास चालव, थंड होऊ दे, काढ, मग साध्या पाण्यानं तीनदा आणि शेवटी डीएमनं एकदा. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा अजिबात नको, सोडा ॲल्युमिनियमला डोळ्यादेखत खातो, फेस येतो बघ. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कुठं गंजानंच भोक बुजलेलं असेल तर धुतल्यावर ते उघडं पडणार. पडू दे, घरी पडलेलं बरं, मोहोळच्या पुढं रात्री पडण्यापेक्षा.
भरताना लोक चुकतात. धुतल्यावर ब्लॉकमध्ये दोन-तीन लिटर पाणी राहतंच. तुझ्या सिस्टिममध्ये समजा ९ लिटर बसत असेल तर आधी साडेचार लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) मोजून ओत, मग वरनं डीएम पाण्यानं भर. रेडीमिक्स आणून ओतलंस तर आतल्या पाण्यानं ते पातळ होऊन बसतं.

मोहोळकर_शेतकरी
ट्रॅक्टरला पण हेच का? उसाच्या सीझनला रोज वर पाणी टाकावं लागतंय, कॅनालचंच टाकतो.

रेडिएटरवाले_काका
रोज लागतंय म्हणजे आधी गळती शोध, झाकणाचं रबर बघ, निम्म्या वेळा झाकणच असतं. आणि रोज साधं पाणी टाकून तू औषध पातळ करतोयस, तीस टक्क्यांच्या खाली गेलं की ते असून नसल्यासारखं. कूलंट-पाण्याचं मिश्रणच एका कॅनमध्ये ट्रॅक्टरवर बांधून ठेव. ट्रॅक्टरच्या वेट लायनरला, म्हणजे बाहेरनं थेट पाणी लागतं त्या सिलिंडरच्या नळीला, अजून एक दुखणं आहे, लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि बाहेरच्या बाजूनं टाचणीएवढी भोकं पडतात. त्याच्यासाठी नायट्राइटवालं, किंवा हेवी ड्यूटी डिझेलसाठी असं लिहिलेलंच कूलंट घे.

लूममालक_एमआयडीसी
बाजारात रेडिएटरच्या झाकणाला लटकवायची जस्ताची किंवा मॅग्नेशियमची कांडी मिळते, ती लावली की दुसरं काही लागत नाही म्हणतात.

रसायन_ताई
कल्पना खरी आहे, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्यासाठी हेच केलं, जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. जहाजांच्या इंजिनात समुद्राचं पाणी फिरतं त्या बाजूला आजही जस्ताच्या कांड्या असतात. पण कांडी ज्याला वाचवायचंय त्या धातूला जोडलेली आणि जवळ हवी. रेडिएटरच्या झाकणातली कांडी हेडवरच्या हाउसिंगला कितपत वाचवणार? आणि लावून विसरलं की तिचा चुरा नळ्यांत जातो. कूलंटच्या जागी ती नाही.

जुळेसोलापूरकर
एक विनंती. जुनं कूलंट गटारीत किंवा रस्त्यावर ओतू नका. गोड लागतं म्हणून कुत्री, जनावरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं असंच गेलं, मुलांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल नेणाऱ्याकडं द्या, नवीन कॅन पण मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

जुनीजीप_होटगीरोड
सात महिन्यांनी लिहितोय. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. लिंबूसतानं धुतलं तेव्हा पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं आणि काका म्हणाले तसंच रेडिएटरला खालच्या कोपऱ्यात एक जागा उघडी पडली, डाग मारून घेतला. अर्थ पट्टी नवीन. ९ लिटरमध्ये साडेचार कूलंट. त्या दिवशी मीटर ०.०८ आणि सेल्फ मारला तरी काटा जागेवरनं हलला नाही. अख्खा उन्हाळा काढला. काल मुद्दाम होज काढून बघितला, बोट आत घालून फिरवलं, आतनं एकसारखं करड्या रंगाचं, गुळगुळीत, चुना नाही. फक्त सेन्सरच्या आट्यांपाशी पांढरी बारीक रेघ दिसली, नखानं निघाली. मीटर ०.०९.

रेडिएटरवाले_काका
रेघ येणारच, पितळ ॲल्युमिनियमला टेकलंय तोवर. जुन्या बाजारात एक बिडाचं हाउसिंग सापडलंय, वजनदार आहे, तोंड साफ आहे. बाजूला काढून ठेवलंय तुझ्यासाठी. होलचं सेंटर जुळतंय का ते बघायला तुझं जुनं खाल्लेलं घेऊन ये, गॅस्केट मी कापून देतो.